काळ नसलेली क्रियापदं

शैलजाबाईंच्या घरी गेलं की आधी गरम पाणी मिळायचं. चहा नंतर. स्टीलच्या उंच थर्मासमधून त्या काचेच्या ग्लासात वाफाळतं पाणी ओतायच्या आणि पुढे सरकवून म्हणायच्या, "घ्या, पोटाला बरं." भर एप्रिलातही हेच. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "त्या लोकांच्या गोष्टी थंड पाणी पिऊन वाचता येत नाहीत." हे त्या गमतीनं म्हणाल्या की खरंच, ते मला कळलं नाही. त्यांच्या बऱ्याच बोलण्याचं असंच व्हायचं. चेहरा तसाच राहायचा, आणि हसायचं की नाही ते आपण ठरवायचं.

"ते लोक" म्हणजे चिनी विज्ञानकथा लिहिणारे लोक. शैलजा आहेर हे नाव आमच्या नाशिकच्या वाचकांना माहीत झालं ते चिनीतून थेट मराठीत आणलेल्या या कथांमुळे. मी इथे एक छोटा दिवाळी अंक काढतो. एका दुपारी त्या माझ्या कचेरीत आल्या. अंगावर शाळेच्या बाईंची कडक इस्त्रीची सुती साडी, हातात कागदांची पिशवी. म्हणाल्या, "मी शाळेत मराठी शिकवते. ही एका चिनी लेखकाची गोष्ट आहे. छापण्यासारखी वाटली तर बघा."

"इंग्रजीवरून केलीत का?"

"नाही. इंग्रजीत त्या गोष्टीला फार कपडे घालतात."

ती गोष्ट धरणाखाली बुडालेल्या एका गावाची होती. पाण्याच्या तळाशी यंत्रं सोडून जमिनीचे कंप मोजणाऱ्या एका इंजिनिअरला खालून आवाज ऐकू येऊ लागतात. दळणाचे, भांड्यांचे, पोरांना जेवायला हाका मारल्याचे. तो वरिष्ठांना कळवतो. वरिष्ठ म्हणतात, यंत्र बिघडलंय. गोष्टीत भूत नव्हतं, किंकाळी नव्हती. तरी ती वाचून मी उठून कचेरीची खिडकी लावली होती.

अंक निघाल्यावर धरणग्रस्त गावातले एक म्हातारे गृहस्थ अंक घेऊन माझ्याकडे आले. खुर्चीवर बसले नाहीत. म्हणाले, "ह्या बाई आमच्या गावच्या का?"

मी म्हटलं, "गोष्ट चीनमधली आहे, बाबा."

"आसंल. पन हाका मारल्याल्या त्यांना कश्या ऐकू आल्या?"

मी हे शैलजाबाईंना सांगितलं. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "बरं झालं. म्हणजे भाषांतर नीट झालंय."

त्यांचे पती दिलीप आहेर अंबडच्या एका कारखान्यात यंत्रं बसवणारे तंत्रज्ञ होते. नवी यंत्रं चीनमधून यायची, म्हणून ती शिकून घ्यायला कंपनीनं त्यांना तिकडच्या समुद्राकाठच्या एका शहरात पाठवलं. एका संध्याकाळी ते हॉटेलच्या काचेच्या दारातून बाहेर पडले. दारावरच्या कॅमेऱ्यात तेवढं दिसलं. त्यानंतर ते कुणालाच दिसले नाहीत. पासपोर्ट खोलीत, बॅग खोलीत, बेसिनवर दाढीचं सामान. चौकशी झाली, वकिलातीत पत्रं गेली, कंपनीचा माणूस जाऊन आला. काही निष्पन्न झालं नाही. तिकडच्या पोलिसांचा अहवाल आला तेव्हा कंपनीच्या दुभाष्यानं शैलजाबाईंना समोर बसवून त्याचा अर्थ सांगितला: तपास केला, सापडले नाहीत.

"कागद दोन पानांचा होता," बाई मला म्हणाल्या. "मी विचारलं, दोन पानांची दोन वाक्यं कशी झाली? तो म्हणाला, मॅडम, बाकी काही महत्त्वाचं नाही. मग मी चिनी शिकायला घेतली."

आधी मोबाईलवर, मग पुण्याच्या एका शिक्षिकेकडे ऑनलाइन, मग अंबडला येणाऱ्या चिनी तंत्रज्ञांशी बोलून बोलून. ती दोन पानं त्यांना स्वतःला वाचता यायला काही वर्षं गेली. मी विचारलं, काय निघालं त्यात? म्हणाल्या, "काही नाही. दुभाष्या खरं बोलत होता. पण त्यात लिहिलं होतं की रस्त्यावर धुकं होतं, आणि दिलीपचा शर्ट निळा होता. हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

तोवर भाषा हाताशी आली होती. बातम्या वाचून झाल्या, पोलिसी गोष्टी वाचून झाल्या, आणि त्या विज्ञानकथांपाशी येऊन थांबल्या. कारण सांगायच्या, "चोरी-खुनाच्या गोष्टीत शेवटी माणूस सापडावाच लागतो. या गोष्टींत तो सापडत नाही, आणि तरी गोष्ट पूर्ण होते."

त्या गळ्यात मंगळसूत्र घालायच्या आणि नवऱ्याबद्दल वर्तमानकाळात बोलायच्या. "दिलीपला कारलं चालत नाही." "दिलीप झोपेत दात खातो." ऐकणारा गडबडून जायचा. मीही गडबडलो होतो. त्यांनी ते ओळखलं असावं, कारण पुढे एकदा व्याकरणाचा धडा द्यावा तसं समजावलं होतं. "चिनी क्रियापदाला काळ नसतो. गेला, जातो, जाईल, शब्द एकच. काळ आजूबाजूला शोधावा लागतो. मराठीत आणताना मात्र मला दर वाक्याला ठरवावं लागतं, माणूस गेलाय की जाणार आहे. फार जबाबदारीचं काम आहे ते."

भाषांतराची त्यांची पद्धत विचित्र होती. गोष्ट आधी पूर्ण वाचायच्या नाहीत. एक परिच्छेद वाचायचा, तो मराठीत करायचा, मग पुढचा. पुढे काय होणार हे त्यांना ठाऊकच नसायचं. मी म्हटलं, कुठलाही अनुवादक आधी शेवट बघतो. त्या म्हणाल्या, "शेवट कळला की मधली वाक्यं खोटं बोलायला लागतात." आणि झालेला मजकूर त्या रोज दुपारी शाळेतून आल्यावर मोठ्यानं वाचायच्या. ऐकायला असायच्या त्यांच्या सासूबाई.

आजी कळवणकडच्या एका खेड्यातल्या. काचबिंदूनं दृष्टी गेलेली. इंदिरानगरच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गॅलरीच्या दाराशी खाटेवर बसून लसूण सोलत असायच्या. यंत्रमानव, दुसरे ग्रह, काळाचे बोगदे, सगळं त्या शेजारपाजारच्या बातमीसारखं ऐकायच्या. मध्येच आपल्या अहिराणीत विचारायच्या, "ती बाईना पोरगा कवढा शे?" किंवा, "तठे पानी नही का?" एखादं पात्र मेलं की लसूण बाजूला ठेवून हात जोडायच्या.

आजींची एक गोष्ट मी स्वतः पाहिलेली आहे. एका कथेत कारखान्यातल्या कामगाराला उशिरा सुटल्यावर लिफ्टमध्ये एक जास्तीचं बटण दिसू लागतं. तो ते दाबतो. लिफ्ट तळमजल्याच्याही खाली जात राहते, थांबतच नाही. बाईंचं भाषांतर तिथवर आलं होतं. त्यांनी वाचन थांबवलं तशा आजी म्हणाल्या, "तो खाले नही गया. घरच वर गयं."

बाई हसल्या. "आई, मला तरी कुठे माहितीये अजून."

आठवड्यानं बाईंचा फोन आला. बाकी काही न बोलता त्यांनी शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला. कामगार होता तिथेच उभा असतो. इमारतच तिच्या माणसांसकट वर वर गेलेली असते, आणि तो पडला असं समजून वरची माणसं खिडक्यांतून त्याला हाका मारत असतात.

"आजींना काय म्हणालात?" मी विचारलं.

"सांगितलं. त्या म्हणाल्या, लसूण संपला."

आता ज्या दुपारमुळे मला हे सगळं लिहावंसं वाटतं, तिच्याकडे येतो. अंकाची जुळवाजुळव चालू होती आणि मी नव्या कथेची चौकशी करायला गेलो होतो. बाई म्हणाल्या, बसा, आजचं वाचायचंच आहे. मी गरम पाण्याचा ग्लास घेऊन बसलो.

कथा एका तरुण लेखिकेची होती. धुक्याच्या गावात तिच्या पात्राच्या आजीचं नूडल्सचं छोटं दुकान असतं. तिथे हिवाळाभर एक परदेशी माणूस येतो. काळासावळा, कमी बोलणारा. तो कुठून येतो, कुठे जातो, कुणाला माहीत नाही. गावात त्यानं कुठे खोली घेतलेली नाही, आणि धुकं नसेल त्या दिवशी तो येत नाही. दुकानातून निघताना रोज तो आत वळून तीनच अक्षरं बोलतो. त्याच्या देवाचं नाव असेल, गावाचं असेल, असं लोकांना वाटतं. लेखिकेनं ते आवाज जसे ऐकू आले तसे चिनी अक्षरांत लिहिले होते. बाईंनी वाचताना खुलासा केला, "पहिलं अक्षर परकी नावं लिहायला वापरतात. दुसऱ्याचा अर्थ पुष्कळ, तिसऱ्याचा मूळ, झाडाचं मूळ. एकत्र काही अर्थ लागत नाही. मी सध्या उच्चारच ठेवलाय." आणि त्यांनी तो चिनी सुरात, एकेक अक्षर सुटं करून वाचला. "ये. त्वो. गन."

आजींचे हात थांबले.

"परत म्हन," त्या म्हणाल्या.

"ये, त्वो, गन."

"तो मना पोऱ्या शे."

त्यांचा मुलगा? मला काहीच उमगलं नव्हतं. बाईंनाही नसावं. त्या आजींकडे बघत राहिल्या. मग त्यांचे ओठ हलले, सूर काढून टाकून त्यांनी तीच अक्षरं पुन्हा जुळवली, आणि मग मलाही ऐकू आलं. येतो गं. आपल्याकडचा कुठलाही पुरुष घरातून निघताना जे म्हणतो ते.

आजी नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "पुढे वाच ना. त्याना बूटनी टाच दाबेल शे का?"

पुढचा परिच्छेद अजून मराठीत झालेला नव्हता. बाईंनी मूळ चिनी मजकूर उघडला. बोट ओळीवरून हळूहळू सरकत गेलं आणि एका ठिकाणी थांबलं. त्यांनी मान हलवली, होकारार्थी. आजींना ती दिसणार नव्हती. त्या वाट बघत होत्या. शेवटी मीच म्हणालो, "आजी, त्या हो म्हणतायत."

दिलीपरावांना बूट नीट घालायचा कंटाळा होता. टाच चेपून तसेच बाहेर पडायचे आणि जिन्यात उभं राहून बूट ओढायचे. लग्न झाल्यापासून बाई त्यांना त्यावरून बोलत आल्या होत्या. गोष्टीतला माणूसही चेपलेल्या टाचेनं दुकानाबाहेर पडत होता, आणि बाहेर धुक्यात उभा राहून बूट ओढत होता.

आजी पुन्हा लसूण सोलायला लागल्या. त्या खोलीत तेवढाच आवाज होता, सालींचा. मी थोड्या वेळानं निघालो. निघताना ओठांवर नेहमीचा शब्द आला होता, तो मी गिळला आणि नुसते हात जोडले.

बाईंनी लेखिकेला लिहिलं. उत्तर आलं की हो, ते दुकान खरं, आजी खरी, तो माणूसही खरा, लहानपणी पाहिलेला. त्या दिवसापासून बाई बदलल्या. शाळेत त्या मुलांना हाक मारायच्या आणि पुढे काय सांगायचं ते विसरायच्या, असं त्यांच्या एका सहकारी शिक्षिकेनं मला सांगितलं. रजा काढली, व्हिसा मिळवला, आजींपाशी भाचीला ठेवलं आणि त्या गेल्या. इतक्या वर्षांत त्या कधी गेल्या नव्हत्या. मी विचारलं होतं, तेव्हा म्हणाल्या होत्या, "आपण तिकडे जायचो आणि तो इकडे यायचा."

परत आल्यावर त्यांनी मला बोलावलं. पाणी ओतलं. बराच वेळ विमानातल्या जेवणाबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, "ती मुलगी मला तिच्या गावी घेऊन गेली. दुकान आता नाही. तिथे मोठा रस्ता झालाय. तिनं हात करून दाखवलं, इथे दार होतं, इथे चूल, इथे पडदा. पडद्यामागे ती बसायची, अगदी लहान होती. तो माणूस आत वळून जे म्हणायचा, ते आपल्यालाच म्हणतो असं तिला वाटायचं."

"मग तिला अर्थ सांगितलात?"

"सांगितला. म्हटलं, आमच्याकडे निघताना जातो म्हणत नाहीत. येतो म्हणतात. ती रस्त्याच्या कडेला उभीच राहिली. मग तिनं विचारलं, म्हणजे भविष्यकाळ? मी म्हटलं, नाही. आमच्यात ते वर्तमानकाळातच आहे." बाईंनी ग्लास दोन्ही हातांत धरला. "ती म्हणाली, मग माझ्या गोष्टीचा शेवट चुकला. गोष्टीत तो माणूस परत येत नाही ना."

मी विचारलं, "पण दिलीपरावांचं काही कळलं का?"

तेव्हा त्यांनी ते सांगितलं. किती सहज सांगितलं ते मला अजून आठवतं. "ती मुलगी शाळेत जायच्या आधीची गोष्ट आहे ती. मी तिला खोदून खोदून विचारलं. तिच्या आजीबरोबर काढलेले तिचे फोटो बघितले. ती आज बाळाची आई आहे. त्या हिवाळ्यात दिलीप इथेच होता, नाशिकला, आयटीआयला. आमचं लग्नही झालेलं नव्हतं. त्यानं तेव्हा चीन नकाशातसुद्धा नीट बघितला नसेल."

मग माणूस करतो तसं केलं, स्पष्टीकरण शोधलं. म्हटलं, बंदराचा भाग आहे, बोटीवरचा कुणी आपल्याकडचा खलाशी असेल. बूट चेपून घालणारी माणसं काय थोडी आहेत?

"असेल," त्या म्हणाल्या. "मीही तेच म्हणते. पण बोटीवरचा माणूस फक्त धुक्यातच कसा यायचा? आणि गं म्हणायचा तो, हो. नुसतं येतो नाही. कुणाला तरी गं म्हणत होताच ना तो."

खाटेवरून आजी बोलल्या. आम्हाला वाटलं होतं, त्यांना डुलकी लागलीय. "लहानपने बी आसाच करे तो. आधी जाये, मंग सांगे."

त्या वाक्यावर बाई खूप हसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पदरानं टिपलं आणि हसणं चालूच ठेवलं. मला त्या घरात पहिल्यांदाच थंडी वाजली. चैत्र होता.

गोष्ट छापायची तेव्हा प्रश्न आला की त्या तीन अक्षरांचं करायचं काय. मराठीत 'येतो गं' लिहिलं तर गोष्टच राहत नव्हती. मूळ वाचकाला जे कधीच कळणार नाही, ते आपल्याकडच्या पोरालाही पहिल्या फटक्यात कळलं असतं. बाईंनी आठ-दहा दिवस घेतले. शेवटी चिनी उच्चारच ठेवला, सुटा सुटा. "मोठ्यानं वाचणाऱ्याला कळेल," म्हणाल्या. "मनात वाचणाऱ्याला नाही कळणार. दोघांची गोष्ट वेगळी होईल, होऊ दे." अंकावर पुष्कळ पत्रं आली. त्या गोष्टीबद्दल थोडी. एका बाईंनी एवढंच कळवलं होतं की आंधळ्या वडिलांना गोष्ट वाचून दाखवत होत्या, आणि ते मध्येच उठून दाराकडे गेले.

त्या हिवाळ्यात आजी गेल्या. झोपेतच. रामकुंडावर विधींना मी होतो. गुरुजींनी रीतीप्रमाणे विचारलं, मुलगा कुठे आहे? बाई म्हणाल्या, "बाहेर आहे. मी करते." गुरुजींना कुणीतरी बाजूला घेऊन हकीकत सांगितली असावी, कारण ते परत येऊन हलक्या आवाजात म्हणाले की इतकी वर्षं झाली असतील तर त्यांचंही करून टाकता येतं, शास्त्रात सोय आहे, आज एकदमच होईल. बाईंनी त्यांचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आज त्याच्या आईचा दिवस आहे, गुरुजी. तिचंच करा." आणि दर्भ नीट बसवायला हात पुढे केला.

उन्हाळ्यात त्यांनी शाळा सोडली. फ्लॅट भाड्यानं दिला आणि कळवणकडच्या घरी राहायला जायचं ठरवलं. आजींचं घर बंद होतं, मागे थोडी जमीन होती. मी म्हटलं, तिकडे एकट्या काय करणार? म्हणाल्या, "तिकडे सकाळी धुकं छान पडतं."

निघायच्या दिवशी मी बसस्टँडवर गेलो. दुपारची वेळ, लग्नसराई, कळवणच्या गाडीला तोबा गर्दी. सामान टपावर चढवून मी खाली आलो आणि खिडकीपाशी उभा राहिलो. बाई खिडकीच्या बाजूला बसल्या होत्या. मोबाईलवर कुठलीशी नवी चिनी गोष्ट उघडली होती आणि ओठ हलत होते. आत माणसं एकमेकांना रेटत उभी होती. शेजारची सीट मोकळी होती. त्यांनी तिच्यावर पर्स, रुमाल, काही ठेवलेलं नव्हतं. कुणाला काही सांगताना मी त्यांना पाहिलं नाही. पोतं घेतलेला एक माणूस सीटपाशी आला, बसायला वाकला, थांबला, आणि "असू द्या" असं काहीसं पुटपुटत पुढे सरकला. त्याच्यामागून कडेवर मूल असलेली एक बाई आली. तिनंही सीटकडे पाहिलं आणि दांड्याला धरून उभी राहिली.

गाडी हलली. शैलजाबाईंनी माझ्याकडे बघून हात केला. मग त्या खिडकीकडे थोड्या आणखी सरकून बसल्या, शेजारचा माणूस अंगानं मोठा असला की आपण सरकतो तशा, आणि पुढचं वाक्य वाचू लागल्या.